स्थानिक माल, मोकळं जेवण आणि चौदा खोल्यांचं हॉटेल

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात बंडगार्डन भागातल्या जुन्या दगडी बंगल्याचं चौदा खोल्यांचं बुटीक हॉटेल होतंय, तळमजल्यावर चाळीस जणांचं रेस्टॉरंट. जेवण फाइन डायनिंगच्या तोडीचं हवं, पण चपला घालून आलेल्या माणसालाही अवघडल्यासारखं वाटू नये. माल शक्यतो पुणे जिल्ह्यातला आणि आसपासचा. टेस्टिंग मेन्यू (शेफनेच ठरवलेले, एकामागून एक येणारे छोटे पदार्थ) ठेवावा का, माल कुठून घ्यावा, पुणेकर पैसे देतील का, आणि शेफ मुंबईहून आणावा का, अशी विचारणा आहे.

या चारही गोष्टींच्या आधी एक ठरवा. रात्री अकरा वाजता सात नंबरच्या खोलीतल्या पाहुण्याने पनीर बटर मसाला मागवला, तर तुम्ही काय करणार?

हसू नका. हॉटेलातली स्थानिक मालाची रेस्टॉरंटं मी बंद पडताना पाहिली आहेत, ती बहुतेक याच पाहुण्याने बंद पाडली. त्याला ‘हो’ म्हटलं की पनीर येतं, मग कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही डीप फ्रीझरमध्ये जाते, मग गोठवलेला मटार, मग ‘एवढं आहेच तर’ म्हणून हक्का नूडल्स. सहा महिन्यांत मेन्यूचं पुस्तक होतं आणि ज्यासाठी सगळा खटाटोप केला ते पदार्थ त्याच्या शेवटच्या पानावर जातात. त्या पानावरून दिवसाला दोन ऑर्डरी येतात, म्हणून तो माल शिळा होतो, आणि मग अकाउंटंट म्हणतो की लोकल चालत नाही.

खोल्यांसाठी वेगळा, अगदी छोटा मेन्यू करा: मुगाची खिचडी, थालीपीठ, ऑम्लेट, टोमॅटोचं सार, एखादं सँडविच. रात्रपाळीला राहणारा एक कुक एकट्याने काढू शकेल एवढंच. ते मात्र उत्तम हवं. तूप चांगलं, लोणचं घरचं. पनीर मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणायचं. मालकाने हे पहिल्या दिवशी ठरवलं नाही तर शेफच्या हातात काही उरत नाही.

आता याची दुसरी बाजू, आणि माझ्या मते तुमची खरी ताकद इथेच आहे. हॉटेलला नाश्ता असतो. बाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटला तो नसतो.

चौदा खोल्या भरल्या तर सकाळी अठ्ठावीस माणसं तुमच्याकडे खातातच. स्थानिक मालाची मुख्य अडचण अशी की शेतकऱ्याकडून येतो तो अख्खा लॉट. निवडून, एका मापाचा येत नाही. पुरंदरच्या अंजिरांचा क्रेट घ्या. त्यातली जेमतेम तिसरा हिस्सा रात्रीच्या ताटलीत मिरवण्याजोगी असतात. थोडी जास्त पिकलेली असतात, काही फुटलेली. अंजीर बाहेर ठेवलं तर दोन दिवसही धड टिकत नाही. स्वतंत्र रेस्टॉरंटवाला निवडक फळं मागतो, म्हणून चढा भाव देतो, आणि शेतकरीही वैतागतो. तुम्ही अख्खा क्रेट घ्या. देखणी फळं रात्री, मऊ झालेली दुसऱ्या सकाळी चक्क्याबरोबर, फुटलेल्यांचा मुरांबा. मेथीचं पान रात्रीच्या पदार्थात, कोवळ्या काड्या सकाळच्या थालीपिठात. संगमनेरी किंवा उस्मानाबादी बोकड अख्खा घेतलात तर मांडी-खांदा शुक्रवार-शनिवारी रात्री, खिमा रविवारी सकाळी पावाबरोबर, हाडांचा रस्सा स्टाफच्या जेवणाला. रात्रीचा मेन्यू आणि नाश्ता एकाच माणसाने, एकाच वहीत लिहायला हवा. हॉटेलांत हे सहसा होत नाही: नाश्ता कुठल्या तरी ज्युनियरकडे असतो आणि तो कॉर्नफ्लेक्स मांडून मोकळा होतो.

हे मी शोधून काढलेलं नाही. क्रियाँसारख्या पंचतारांकित हॉटेलात घडलेल्या इव्ह काँदबोर्द या शेफने १९९२ मध्ये पॅरिसच्या चौदाव्या विभागात ‘ला रेगालाद’ काढलं. स्वयंपाक बड्या हॉटेलाच्या तोडीचा, झुंबरं, चांदीची भांडी आणि मानेवर जू ठेवल्यासारखे उभे वेटर मात्र काढून टाकलेले, किंमत आवाक्यातली. याच धर्तीच्या जेवणाला पुढे बिस्त्रोनॉमी म्हणू लागले आणि आज ज्याला आपण रिलॅक्स्ड फाइन डायनिंग म्हणतो त्याचं बरंचसं मूळ तिथे आहे. तुमच्यासाठी जास्त कामाचं आहे ते त्याचं पुढचं पाऊल. २००५ मध्ये त्याने एका लहान हॉटेलाच्या तळमजल्यावर ‘ल काँप्त्वार’ सुरू केलं. आठवड्याच्या रात्री एकच ठरलेला मेन्यू, दुपारी आणि शनिवार-रविवारी साधं, हवं ते मागवायचं ब्रासरीचं जेवण. त्या रात्रीच्या टेबलांसाठी बाहेरच्यांना फार वाट पाहावी लागे, हॉटेलात उतरलेल्यांना मात्र अग्रक्रम. म्हणजे जेवणामुळे खोल्या विकल्या जात. ही मांडणी पुण्याला चालेल का? थोडी बदलून चालेल.

पुण्यात शनिवार-रविवारी कुटुंबं येतात. दहा-बारा जणांची, आजी आणि दोन लहान मुलांसकट. त्यांना सात कोर्सचा टेस्टिंग मेन्यू देऊन अडीच तास बसवणं हा दोन्ही पक्षांवर अन्याय आहे. मुंबईत ‘मास्क’सारखं रेस्टॉरंट २०१६ पासून टेस्टिंग मेन्यूवर उभं आहे, पण त्यामागे मुंबईचं गिऱ्हाईक आहे. इथे मंगळवारी रात्री चाळीस खुर्च्या भरायच्या तर प्रभात रोडवरच्या निवृत्त जोडप्यालाही यावंसं वाटलं पाहिजे, आणि त्यांना साडेनऊला घरी जायचं असतं.

म्हणून टेस्टिंग मेन्यू नको, पण जेवणाला क्रम हवा. तो फ्रेंचांकडून आणायची गरज नाही. आपल्या पंगतीत तो होताच: आधी वरण-भात-तूप, मग पोळी किंवा पुरी आणि पक्वान्न, मग मसालेभात, शेवटी ताकभात. पहिला भात, मधला भात, मागचा भात. डाव्या बाजूची चटणी-कोशिंबीर पहिल्यापासून पानात असते आणि माणूस तिला हवं तेव्हा हात लावतो. जेवणाराला मोकळं वाटतं ते इथे. हीच रचना धरून चार टप्पे करा. डावी बाजू बसल्याबरोबर टेबलावर ठेवा, तीन-चार लहान वाट्या, सगळ्यांत मिळून. मग दोन पदार्थ वाटून घ्यायचे. मग प्रत्येकाचा मुख्य पदार्थ, भाकरी किंवा भात. शेवटी गोड, आणि ज्याला हवा त्याला ताकभाताची छोटी वाटी. ही शेवटची वाटी फुकट द्या. बाहेरगावच्या पाहुण्याला ती नवी असते, आणि पुणेकर ती खाऊन बाकीच्या बिलाला क्षमा करतो.

रात्रीचे पदार्थ एकूण बारा, फार तर चौदा. त्यातले निम्म्याहून जास्त शाकाहारी. ‘निम्मे’ म्हणून मोजणी केली की शेफ मंडळी पनीर आणि मशरूमने जागा भरतात, त्यावर नजर ठेवा.

आता पैशांचं. पुणेकर पैसे देतात, पण ज्या गोष्टीची किंमत त्यांना घरबसल्या माहीत आहे तिला देत नाहीत. स्थानिक मालातली मेख ही. बंगळुरूहून आलेल्या पाहुण्याला वाघ्या घेवडा म्हणजे नवल. पण साताऱ्याच्या कोरेगावचा माणूस (तुमच्या शेजारच्या कोरेगाव पार्कचा नव्हे) म्हणणार, हे आमच्याकडे आठवड्यातून दोनदा असतं, पाचशे रुपये कशाचे? या प्रश्नाचं उत्तर फेस, फुलं आणि काळी ताटली हे नाही. घरी जे होणं शक्य नाही ते तुम्ही करायचं. घरी घेवड्याची आमटी अर्ध्या तासात होते. तुमच्याकडे तोच घेवडा रात्रभर भिजून, हाडांच्या किंवा भाजलेल्या कांद्याच्या पाण्यात मंद आचेवर तीन तास शिजू शकतो. वर निखाऱ्यावर काळा केलेला पातीचा कांदा, खाली ज्वारीचा कडक पापुद्रा. घटक सगळे ओळखीचे, चव ओळखीच्या एक पायरी पुढची.

आणि भाकरी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, पीठ उत्तम मिळतं. पण ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे पीठ गरम पाण्यात मळून, एकेक थापून, तव्यावरून काढल्यापासून पाच मिनिटांत खाल्ली तरच ती भाकरी. हॉट केसमध्ये ठेवली की चामडं. म्हणजे गरम भाकरी टेबलावर येणं हीच चैन आहे, कारण घराघरांतून ती आता जवळजवळ गेली आहे. ती थापणारी बाई तुमच्या स्वयंपाकघरातली सर्वांत कसबी व्यक्ती असेल. तिला मदतनिसाचा पगार देऊ नका. सेक्शन सांभाळणाऱ्या कुकचा द्या, आणि चूल, निदान तिचा तवा, लोकांना दिसेल अशा जागी ठेवा.

किंमत काढताना आपल्या धंद्यातला नियम कच्च्या मालाला विक्रीच्या तीस टक्क्यांच्या आसपास धरायचा असा आहे. स्थानिक मालात फसगत होते ती उताऱ्यात, म्हणजे निवडून-साफ करून हाती काय उरतं त्यात. एकशे ऐंशी रुपयांचा माल म्हणजे सहाशेचा पदार्थ, हे गणित सोपं. पण पालेभाजी निवडल्यावर तिसरा हिस्सा सहज जातो, अख्ख्या माशातून साफ मांस निम्म्याच्या आत-बाहेर मिळतं. वजन नेहमी निवडल्यानंतरचं धरा.

मालाबद्दल विस्ताराने लिहितो, कारण इथे लोक नावांच्या यादीवरच थांबतात.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून कांदा, बटाटा, लसूण, लिंबू घ्या. त्यात कमीपणा नाही, तोही बहुतेक याच पट्ट्यातला असतो. पण तुमच्या मेन्यूला ओळख देणारे आठ-दहा जिन्नस थेट शेतकऱ्याकडून हवेत. फळं-भाज्या २०१६ मध्ये राज्याने बाजार समितीच्या बंधनातून मोकळ्या केल्या, तेव्हा थेट खरेदीला कायद्याची अडचण नाही. अडचण असते ती तुमच्या पेमेंटची. हॉटेलं पंचेचाळीस-साठ दिवसांच्या उधारीवर चालतात. दोन एकरवाला शेतकरी त्यावर चालू शकत नाही. दर आठवड्याला पैसे द्या. दुसरं, पेरणीच्या आधी बोला. मेथी महिन्याभरात येते, मुळा सव्वा-दीड महिन्यात. तुम्हाला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोटाएवढे कोवळे मुळे हवे असतील तर ऑक्टोबर संपायच्या आत सांगायला हवं, आणि पीक आल्यावर मेन्यू बदलला तरी ते उचलायला हवं.

तांदूळ मावळातला इंद्रायणी आणि मुळशीचा आंबेमोहर, दोन्ही ठेवा, पण कामं वेगळी द्या. इंद्रायणी वडगाव मावळच्या केंद्रात आंबेमोहर आणि आयआर-८ या वाणांच्या संकरातून तयार होऊन १९८७ मध्ये आला. चिकट, वासाचा, मऊ. रिसोट्टोच्या (इटालियन मऊसर भाताच्या) अंगाने जाणारा कुठलाही पदार्थ त्यात सुरेख होतो, आयात तांदळाची गरज नाही. आंबेमोहराचं उत्पन्न कमी, भाव जास्त. तो फक्त वरण-भातासाठी किंवा दुधात शिजवण्यासाठी. नवा तांदूळ पाणी कमी पितो, हे दर हंगामात नव्या कुकला पुन्हा सांगावं लागतं.

सासवडकडचं सीताफळ पावसाळ्यापासून दिवाळीच्या पुढेपर्यंत मिळतं. त्याचा गर तापवला की कडवट होतो. बासुंदी पूर्ण गार करून मग त्यात मिसळायचा. बेक केलेलं सीताफळाचं काहीही मेन्यूवर दिसलं तर शेफला विचारा की हे चाखलंय का. अंजिराचे दोन बहार: हिवाळ्यातला खट्टा, उन्हाळ्याच्या तोंडचा मीठा. खट्ट्याला चटणी आणि मटणाबरोबर वापरा, मीठा नुसता खायचा. स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची, पण नोव्हेंबरच्या घाईत नको. जानेवारी-फेब्रुवारीत तिला खरी गोडी असते. हुरडा थंडीतला, आणि त्याला शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, दही याशिवाय काहीही करू नये असं माझं ठाम मत आहे. हुरड्याचं सॅलड मी खाल्लंय. असो.

पावसाळा हा तुमचा सर्वांत श्रीमंत काळ, हे नवख्यांना पटत नाही. मुळशी, वेल्हे, भोरच्या डोंगरातून टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली, चाईचा मोहोर येतो, आणि नेमका श्रावणही त्यातच असतो, जेव्हा अर्धं पुणे मांसाहार सोडून बाहेर काय खावं या विवंचनेत असतं. जून-जुलैत यांत्रिक नौकांची समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा मासळीचं पानही आपोआप लहान होतं. फक्त दोन पथ्यं पाळा. शेवळं काकडाच्या फळाशिवाय किंवा भरपूर चिंचेशिवाय शिजवली तर घसा खाजतो. ती भाजी आणणाऱ्या बाईकडूनच कृती शिका. आणि रानातली अळंबी, ओळख पटवणारा माणूस खात्रीचा नसेल तर, कितीही मोह झाला तरी नको.

गोड्या पाण्यातल्या मरळीसाठी सगळे उजनी धरणाच्या काठच्या भिगवणचं नाव घेतात. मासा घट्ट, काटे कमी, फाइन डायनिंगला आदर्श. पण मुळा-मुठेतून आपण जे सोडतो ते भीमेतून उजनीतच जातं, हे जेवणाऱ्याच्या आधी तुम्हाला आठवलं पाहिजे. शेततळ्यात वाढवलेली मिळाली तर मी ती घेतो. आणि कोकणचा बांगडा, कोकम, नारळ ‘स्थानिक’ का, या वादात वेळ घालवू नका. घाटावर आणि घाटाखाली देवघेव फार जुनी आहे. नकाशावर कंपासने वर्तुळ काढून स्वयंपाक होत नाही.

मेन्यूवर ‘सेंद्रिय’ हा शब्द प्रमाणपत्राशिवाय लिहू नका. २०१७ च्या एफएसएसएआयच्या (केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांनुसार त्यासाठी एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सेंद्रिय प्रमाणन व्यवस्थांपैकी एकीचं प्रमाणन लागतं. अगदी छोट्या उत्पादकाला थेट विक्रीत मिळणारी सवलत रेस्टॉरंटच्या मेन्यूला लागू समजू नका. गावाचं नाव लिहा, पीक त्या गावचं असेल तेव्हाच. ते संपलं की नाव खोडा. त्यामुळे मेन्यू रोज साध्या कागदावर छापलेला बरा.

वाइनचं पान लहान ठेवा. नाशिक आहेच, पण अकलूजची फ्रातेल्ली आणि दौंड तालुक्यातल्या रोटीची फोर सीझन्स तुम्हाला जास्त जवळ. पुण्यातच बनणारी मूनशाइनची मधापासूनची मीड तिखट डाव्या बाजूबरोबर वाइनपेक्षा चांगली जमते. दारू न पिणाऱ्यांना तीन गोडमिट्ट मॉकटेलं देण्यापेक्षा एक नीट केलेलं मठ्ठ्याचं आणि एक कोकमाचं पेय पुरे.

भांड्यांसाठी कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. पाण्याचे तांबे, वाढण्याची भांडी सुंदर होतात. आतून कल्हई असल्याशिवाय त्यात कढी, सार, चिंचेचं काही जाऊ देऊ नका, आणि कल्हईचा खर्च दर वर्षाच्या अंदाजपत्रकात धरा. टेबलक्लॉथ नको, लाकूड उघडं ठेवा. पण नॅपकिन मात्र कापडी, मोठा आणि इस्त्रीचा. वेटरने पदार्थाचं वर्णन दोन वाक्यांत संपवायचं. पाहुणा बोलत असेल तर तेही करायचं नाही.

एक रूक्ष पण महाग मुद्दा. १ एप्रिल २०२५ पासून हॉटेलातल्या रेस्टॉरंटचा जीएसटी खोलीच्या प्रत्यक्ष घेतलेल्या दरावर ठरतो. मागच्या आर्थिक वर्षात एक जरी खोली दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर विकली गेली असेल, तर रेस्टॉरंटला १८ टक्के, इनपुट क्रेडिटसह (म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वजा करता येतो). नाहीतर ५ टक्के, क्रेडिटशिवाय. म्हणजे एकतीस डिसेंबरच्या एका रात्री नऊ हजाराने दिलेली खोली पुढचं वर्षभर तुमच्या भाकरीवर १८ टक्के लावते. खोल्यांचे दर ठरवणारा आणि मेन्यूचे दर ठरवणारा एका टेबलावर बसवा, आणि सोबत सीए. सर्व्हिस चार्ज बिलात सक्तीने लावायचा विचार सोडून द्या. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ग्राहक प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला आहे. तेवढी रक्कम दरातच धरून स्टाफला पगारात द्या.

राहिला शेफ. मुंबईहून आणा किंवा नाशिकहून, मला फरक पडत नाही. मुलाखतीत त्याला त्याचा खास पदार्थ करायला सांगू नका. सकाळी सहाला त्याच्याबरोबर मंडईत जा, हजार रुपये हातात द्या आणि म्हणा, चार जणांचं रात्रीचं जेवण आणि उद्याचा नाश्ता यातून काढ. तो काय उचलतो, कोणाशी कसं बोलतो, सुकलेली कोथिंबीर परत करताना भांडतो की हसतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हजारातलं काय शिल्लक ठेवतो ते पाहा. मात्र त्याच्या आधी भाकरीवाली नेमा. शेफला तिच्या हातच्या भाकरीबरोबर काय वाढायचं हे ठरवता आलं पाहिजे. तिला शेफच्या मेन्यूत बसवायला गेलात तर ती महिनाभरात सोडून जाईल.